पंख्याची मान

तेरेसिनात ऑक्टोबरमधली रात्र नावापुरती.
अडीच वाजलेत, आणि भिंतीला पाठ टेकली तर
भिंतीच्या पोटात अजून दुपारच आहे.
खोलीत तेहतीस.
हिशेब इथूनच सुरू होतो.
थंड मुलखातली माणसं पायथ्यापासून चढतात,
आम्ही आधीच अर्ध्या जिन्यावर, धापा टाकत.

हा प्रोसेसर मामाच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला,
तेरा वर्षांचा,
तासाला दोन रेआल घेऊन पोरांना लढाया खेळवलेला.
त्याच्या कपाळावरची वाळकी पेस्ट मी खरवडली,
स्पिरिटनं पुसलं, घेवड्याच्या दाण्याएवढी नवी ठेवली,
वर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मुकुट दाबून बसवला.
कारखान्यानं ठरवलेला त्याचा वेग तीन पूर्णांक तीन.
मी मागतेय चार पूर्णांक चार,
कारण रोझिल्दाच्या पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाची फिल्म
सकाळी आठला देते म्हणून बसलेय,
आणि मूळच्या चालीनं गेला
तर अकराशिवाय पोचत नाही.

वेग मागितला की व्होल्टेज द्यावं लागतं,
व्होल्टेज दिलं की ताप चढतो.
सत्तरच्या आत असेल तर मला डुलकी लागते,
पंचाहत्तरला मी नुसती बघत बसते,
ऐंशीला हात माउसवरून उठत नाही.
त्यापुढे, नव्वदीच्या पल्याड कुठेतरी,
तो स्वतःच पाय ओढू लागतो, म्हाताऱ्या बैलासारखा,
आणि मग ढोसून उपयोग नसतो.

बाजूचं झाकण काढलंय.
घरातला एकुलता एक पंखा त्याच्या उघड्या बरगड्यांसमोर.
बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर.

मागच्या दारानं आई आली, भट्टी बंद करून,
कोपरापर्यंत राख.
पोती व्हेल्योतल्या बायका पन्नास घट भाजतात एका रात्रीत,
आणि थर्मामीटर आजवर कुणी विकत घेतलेला नाही.
"किती झालं?"
"बहात्तर."
"बहात्तरला तर माझ्या मडक्याला नुसता घाम फुटतो."
मग वाकून, डोळे बारीक करून,
"पण रंग कुठाय? लाल नाही, नारिंगी नाही.
बहात्तर म्हणतंय कोण?"
"तोच. त्याच्या आतच मोजणी आहे."
"म्हणजे दारुड्यालाच विचारायचं, किती घेतलीस."

ती दोरीच्या झोळीत आडवी झाली
आणि काही न बोलता
पायाच्या अंगठ्यानं पंखा स्वतःकडे वळवला.

चौऱ्याहत्तर.
अठ्ठ्याहत्तर.
त्र्याऐंशी.

मी उठले. पंख्याच्या गळ्यापर्यंत हात नेला.
आईच्या मानेवर राखेतून घामाचा एक ओघळ
वाट काढत उतरत होता, पुन्हा थांबत होता.
तिच्यासाठी कुणी तक्ता छापलेला नाही,
इतक्या अंशांपर्यंत ठीक, इतक्यापुढे बंद करा.
साठ वर्षांची, रोज भट्टीच्या तोंडाशी,
मूळ वेग किती होता तेसुद्धा
आता तिला कुणी सांगू शकणार नाही.

रेंडर थांबवलं. फिल्मचे झालेले तुकडे जपून ठेवले.
मशीन पुन्हा सुरू करून निळ्या पडद्यावर गेले,
चार पूर्णांक चारचे चार केले,
व्होल्टेज होतं तिथे परत आणलं.
मग पंख्याच्या मागची खुंटी दाबली
आणि त्याची मान फिरू लागली,
झोळीकडून टेबलाकडे,
टेबलाकडून झोळीकडे, मध्ये थोडी अडखळत,
कारण एक दात तुटलाय तिच्या चाकाचा.

शहात्तर, आई घोरते.
एकाहत्तर, आई घोरायची थांबते, कूस बदलते.
शहात्तर.
एकाहत्तर.
पडद्यावर पंधरा वर्षांची पोर गुलाबी झग्यात
सावकाश, एकेक चौकट, बापाबरोबर गिरकी घेत होती.

फिल्म झाली तेव्हा नऊ वाजून वीस.
रोझिल्दा दारात पर्स आवळून उभी होती.
उशिराबद्दल बोलली नाही.
केक एवढा लाल का दिसतोय, एवढंच विचारलं,
आणि दहा रेआल कमी दिले.